नखाची बुरशी: मलमावर भागत नाही

संपादक महोदय,

द्राक्षबागेत फवारणी करणारे, उसाला पाणी पाजणारे यांचे पाय गमबुटात तासन् तास ओले राहतात. आधी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. त्यातल्या काहींत बुरशी असते आणि ती पुढे नखात शिरते. अंगठ्याचे नख टोकाकडून पिवळट, जाड होते, खाली खडूच्या भुकटीसारखा भुसा साठतो. पण ठेच लागून किंवा सोरायसिस या त्वचारोगानेही नख असेच दिसते. म्हणून आधी केओएच तपासणी (नखाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी शोधणे) करावी. नमुना टोकाचा नव्हे, निरोगी नखाच्या हद्दीलगतचा घ्यावा. नाहीतर बुरशी असूनही अहवाल ‘नाही’ येतो.

साधे मलम जाड नखातून खाली पोचतच नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तर त्वचेवरची बुरशी वाढवते. मोठ्यांना सहसा टर्बिनाफिन ही बुरशीविरोधी गोळी देतात, २५० मिलिग्रॅमची रोज एक, १२ आठवडे. तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, यकृताची रक्ततपासणी करून. महिनाभरात नख तसेच दिसते म्हणून बरेच जण गोळ्या सोडतात, आणि तिथेच घोडे अडते! पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. पूर्ण स्वच्छ नख यायला वर्ष-दीड वर्ष लागते.

गमबुटांचे दोन जोड आलटून पालटून वाळवावेत, मोजे सुती व रोज धुतलेले हवेत. घरभर एकच नेलकटर नको. मधुमेहींनी नख स्वतः कोरू नये, जखम चिघळते.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, सांगली