वाफसा येईपर्यंत

नौपाडा, ठाणे
२६ मे

चि. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू म्हणालीस की, मानेसाठी डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे, कंपनीने ध्यानाचे अ‍ॅप दिले आहे, मैत्रिणी डायरी लिहायला सांगतात, आणि या साऱ्यामुळे ‘स्वतःसाठी वेळ काढणे’ हेच एक नवे काम होऊन बसले आहे. त्यावर मी नुसते ‘हं’ म्हटले, याचा तुला राग आला असावा. मला फोनवर नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. खरे तर तुझ्या खारघरच्या बाल्कनीत दोन-तीन कुंड्या ठेव, एवढेच मला सांगायचे होते. परंतु तेवढेच सांगितले असते तर तुझ्या यादीत आणखी एका कामाची भर पडली असती, म्हणून सविस्तर लिहितो.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ३४ वर्षे ताळेबंद मांडले आणि २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीतच निवृत्त झालो, ही विनोदी गोष्ट मी तुम्हांला अनेकदा ऐकवली आहे. त्यानंतरचे काही महिने मी पहाटे तीन वाजता उठून गॅलरीत बसून राहत असे, हे मात्र तुझ्या आईखेरीज कोणालाच माहीत नाही. समोर तिने लावलेला कढीपत्ता होता. त्याला मी सकाळी पाणी घालू लागलो, मग संध्याकाळीही, आणि पुढेपुढे तर मन अस्वस्थ झाले की केव्हाही. तीन आठवड्यांत पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असेल असे समजून मी ते आणखी वाढवले. शेवटी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढले, तर मुळे तपकिरी आणि लिबलिबीत झालेली होती; चिमटीत धरताच त्यांची साल सुटून बोटांना चिकटत होती आणि मातीला तुंबलेल्या मोरीसारखा वास येत होता. इतके दिवस मी पाणी घालत होतो ते स्वतःच्या समाधानासाठी, हे तेव्हा ध्यानात आले.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की हवेला जागा उरत नाही, मुळे गुदमरतात आणि मग कुजतात. माझे आजोबा हे असे समजावून सांगत नसत. पाऊस पडून गेला की ते शेतातली मूठभर माती दाबून बघत, आणि झालेले ढेकूळ अंगठ्याने सहज फुटले तरच ‘वाफसा आला’ म्हणून पेरणीची गोष्ट काढत. तोवर शेजारच्या शेतात तिफण चालली तरी ते बांधावर तंबाखू मळत बसलेले असत. वाफसा म्हणजे ओल आणि हवा या दोन्ही मातीत बेताने असण्याची अवस्था. कुंडीत ती ओळखायची तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावे, कोरडे लागले तरच तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि ओल लागली तर झारी जागेवर ठेवून घरात यावे. हे नुसते परत येणे मला सर्वांत जड गेले. पण त्या निमित्ताने पाने उलटून पाहण्याची सवय लागली. जास्वंदीच्या शेंड्याशी कापसासारखी दिसणारी पिठ्या ढेकूण ही कीड दिसू लागली, गोकर्णाचा वेल रात्रीतून ग्रिलचा पुढचा गज धरतो, तेही कळले. झोप कुंड्यांमुळे परत आली असे मी म्हणणार नाही. सकाळी उठून काहीतरी बघायचे आहे, एवढे मात्र झाले.

तू पुरावा मागशील. नेदरलँड्समधला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात ३० जणांना आधी ताण येईल असे काम दिले आणि नंतर निम्म्यांना अर्धा तास बागकाम, तर निम्म्यांना अर्धा तास वाचन करायला लावले. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, परंतु बागकाम करणाऱ्यांत ते अधिक उतरले. (जन्मभर वाचत आलेल्या माझ्यासारख्याला हे थोडे लागलेच.) अर्थात माणसे मोजकी होती आणि सगळी मुळातच बागेची हौस असलेली होती, म्हणून त्यावर फार भार टाकू नये.

तुझी बाल्कनी पूर्वेकडची असल्यामुळे सकाळचे ऊन मिळेल आणि ते मोगरा, सदाफुली व कढीपत्ता यांना चालेल. गुलाबाच्या नादी तूर्त लागू नकोस. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरे. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवायला विसरू नकोस. पाऊस तोंडावर आला आहे, तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाक, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंड्या ग्रिलच्या आतच ठेव. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर आपल्या कुंडीचे लाल पाणी ठिबकले, त्याबद्दल मी सोसायटीच्या सभेत उभा राहून माफी मागितली आहे. आणि रोज फोटो काढून कोणाला पाठवू नकोस, अ‍ॅपमध्ये नोंदी तर मुळीच ठेवू नकोस. एखादे झाड मेले तर मेले; माझी आजवर अकरा मेली आहेत.

गेल्या पावसाळ्यात मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबली होती. ती रुजली असून आता वीतभर वाढली आहे. रविवारी ती घेऊन सकाळच्या पनवेल लोकलने येतो. मांडीवर कुंडी असेल, त्यामुळे आईने दिलेला डबा या खेपेला लहान असेल. रंगकामातली रिकामी बादली टाकून दिली नसशील तर ठेव, तळाला भोके मी येऊन पाडतो.

तुझा,
बाबा