मराठवाड्यातल्या गढ्यांचे आधी माळवद वाचवा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

गडकिल्ल्यांच्या डागडुजीला शासन पैसा देते, याचा आनंदच आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात आज लोक लेकराबाळांसह जातात, पावसाळ्यात नर-मादी धबधब्याला रीघ लागते. पण मराठवाड्याचा इतिहास नुसत्या किल्ल्यांत नाही, तो गावोगावच्या गढ्यांत, म्हणजे पाटील-देशमुखांच्या जुन्या भक्कम वाड्यांतही आहे. त्या दर पावसाळ्याला थोड्या थोड्या खाली येत आहेत.

वेरूळचेच घ्या. बाबाजी भोसले तिथले पाटील. त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी निजामशाहीच्या चाकरीत नावारूपाला आले. मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, आणि शहाजीराजे याच घराण्यातले. त्या गढीची आज जोती उरली आहेत. लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्या तिथे क्वचितच थांबतात. जालना ओलांडून विदर्भाची हद्द लागली की सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांचा वाडा त्याच्या भव्य दरवाजासह दिसतो, आणि दर 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी माणसांचा पूर लोटतो. घराणी एकमेकांची व्याही, पण एकाच्या वास्तूचा दरवाजा तरी उभा राहिला, दुसऱ्याच्या वास्तूचा पायाच हाती लागला.

मी औसा तालुक्यातला शेतकरी आहे, कुठल्या देशमुखाचा वारस नव्हे. माझे पणजोबा गढीवर वेठीला जायचे. 1949 साली हैदराबाद संस्थानातली जहागिरी संपली, ते फार चांगले झाले. पण गढीची भिंत चोपून उभारली ती आमच्याच लोकांनी. सुताराने तासलेले खांब, वडाराने घडवलेला दगड, माळवदावर, म्हणजे वरच्या सपाट मातीच्या छतावर, घमेल्यांनी माती वाहणाऱ्या बायका, यांच्या कामाची दुसरी कुठलीही खूण गावात शिल्लक नाही. म्हणून हे पत्र.

आमच्याकडची गढी खाली काळ्या दगडाची आणि वर पांढऱ्या मातीची. आत ढेलज, चौक, सोपे, भिंतीतली धान्याची बळदे, सागवानी खांब आणि वर माळवद. या माळवदावरच सगळे अवलंबून असते. मृगाच्या आधी त्यावर नवी माती टाकून उतार धरावा लागतो, पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. घरात माणूस असेतो हे होते. वारस पुण्याला, संभाजीनगरला गेले आणि ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, नमुना आठवर, नावांची रांग लागली, की पन्हाळी तुंबतात, पाणी मुरते, भिंतीत शिरलेले तुळईचे, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या लाकडाचे, टोक आधी कुजते. तुळई खचली की भिंत पोट काढते. मग गावकरी ढासळलेली पांढरी माती शेताला खत म्हणून नेतात आणि नक्षीचे खांब टेम्पोत बसून कुठल्यातरी रिसॉर्टकडे जातात.

दगडमातीच्या घराची लातूर-धाराशिवला भीती बसली आहे आणि ती रास्त आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे अशाच भिंतींखाली गेली. पण भिंती पडल्या त्याला कारण होते. ओबडधोबड दगड नुसत्या चिखलात रचलेले, भिंतीच्या दोन अंगांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेलेल्या मातीचा बोजा. कितीतरी घरांत भिंती कोसळूनही लाकडी सांगाडा उभा होता. म्हणजे जादा माती उतरवणे, आरपार दगड घालणे, लाकूड भिंतीला नीट जखडणे, एवढे केले तर जुनी वास्तू अधिक सुरक्षित करता येते. भूकंपाचे नाव काढून गढी पाडण्याचा ठराव होतो, तेव्हा हे सांगायला तिथे कोणीतरी जाणकार हवा.

आणि कृपा करून सिमेंट थांबवा. आमच्या भागातल्या एका गढीच्या दरवाजाला सिमेंटचा गिलावा झाला, वर गेरूसारखा रंगही दिला. काही दिवस फोटो छान आले. मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंडच बंद झाले. आतली ओल वर चढली, खार फुटला आणि गिलाव्याचे पत्र्याएवढे पापुद्रे भिंतीची पांढरी माती पाठीला घेऊनच खाली आले. नुसती ठेवली असती तर त्या भिंतीचे एवढे नुकसान झाले नसते. घाण्यात मळलेला चुना, सुरखी म्हणजे विटांची पूड, त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी, हे काम जाणणारे गवंडी अजून सापडतात. पण निविदा इमारती बांधणाऱ्या ठेकेदाराला जाते आणि गवंडी रोजंदारीवरसुद्धा बोलावला जात नाही. निविदेत चुन्याचे काम आणि ते करणारा कारागीर, दोन्ही बंधनकारक करा. त्याच्या हाताखाली गावची चार पोरे शिकतील.

प्राचीन स्मारकांच्या 1960 च्या राज्य कायद्यात मालकाशी करार करून वास्तू जपण्याची सोय आहे. वारसांना वाटते, शासनाचा फलक लागला की घर गेले. तहसीलदारांमार्फत त्यांना एकत्र बसवून हा करार समजावून सांगितला तर बरेच जण सही करतील, असे त्यांच्याशी बोलून माझे मत झाले आहे.

सुशोभीकरण, दिवे, कमानी नंतर करता येतील. येत्या मृगाआधी मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात उभ्या असलेल्या गढ्यांची पाहणी करून नकाशे काढावेत, आणि जिथे छत अजून आहे तिथे पन्हाळी साफ करून माळवदावर ताडपत्री तरी टाकावी. आमच्या तालुक्यातल्या गढ्या दाखवायला मी स्वतः सोबत येईन.

आपला नम्र,
औसा तालुक्यातील एक शेतकरी