वजूखान्यातले पाणी आणि कोरड्या टाचा

मोहल्ल्यातील सर्वांना अस्सलामु अलैकुम.

मशिदीच्या विहिरीने तळ गाठायला सुरुवात केली आहे. पाऊस लागेपर्यंत वजूखान्याच्या, म्हणजे नमाजाआधी वजू (हात, तोंड, पाय धुणे) करण्याच्या जागेच्या, तोट्या अर्ध्याच सोडा, ही कळकळीची विनंती. निदान डोक्याचा मसह करताना, म्हणजे ओला हात फिरवताना तरी नळ बंद ठेवा, तेव्हा वाहते पाणी लागतच नाही. पैगंबर साहेब (स.) एक मुद पाण्यात वजू करत, अशी हदीस (त्यांच्या वागण्या-बोलण्याची नोंद) आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, फार तर पाऊण लिटर. आपल्याकडे तेवढे तर चूळ भरतानाच वाहून जाते.

मात्र पाणी वाचवायचे म्हणून वजू अर्धवट करू नका. परवा जुम्म्याला (शुक्रवारी) जमात, म्हणजे सामूहिक नमाज, उभी राहिली तशी काहींनी पायांवर नुसता शिपका मारला. टाचांच्या भेगांतली धूळ तशीच पांढरी दिसत होती. कुराणातील सूरह मायदाच्या 6व्या आयतीत पाय घोट्यांपर्यंत धुवायला सांगितले आहेत, आणि कोरड्या टाचांबद्दल हदीसमध्ये सक्त ताकीद आहे. रकात (नमाजाचा एक भाग) चुकली तर नंतर पुरी करता येते, पण वजूच नसेल तर नमाजच नाही.

होड्या रंगवणाऱ्या भावांनी नखांभोवतीचा ऑइलपेंट घरीच काढून यावे, त्याखाली पाणी पोचत नाही. मेंदीच्या रंगाला हरकत नाही.

आपण शाफई (इमाम शाफई यांच्या फिकही पंथाचे) आहोत. वजूत नियत (मनातला संकल्प) आणि अवयव धुण्याचा क्रम दोन्ही फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहेत, हे मुलांना शेजारी बसवून शिकवा. शक्य असेल त्यांनी घरूनच वजू करून निघावे.