जलावतरण झाले म्हणजे बोट तयार झाली नाही

संपादक महाशय,

शिडाची बोट पाण्यात उतरली की नारळ फुटतो, फोटो छापून येतो आणि बातमी तिथेच संपते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली 'म्हादेई' फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली आणि ऑगस्टमध्ये नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, एवढे लोकांना आठवते. मधे चाचणीसाठी झालेली मॉरिशसची फेरी मात्र कोणी सांगत नाही. तीस-चाळीस फुटी बोट स्वतः बांधायचे मनावर घेणाऱ्या हौशी मंडळींनी समुद्रातल्या चाचणीच्या या मधल्या काळासाठी पैसे आणि निदान एक मोसम राखून ठेवावा.

बांधणीतल्या बऱ्याच चुका समुद्रातच उघड्या पडतात. 'म्हादेई'सारख्या पद्धतीत लाकडी पट्ट्या चिकटवून आतून-बाहेरून काचकापड (फायबरग्लास) व इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारी राळ, चढवतात. लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. आपल्याकडच्या दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊनच पॉलिश पेपर मारावा. न धुता घासले तर मेण आतच रगडले जाते आणि पुढचा थर सुटतो. पॉलिस्टर राळेवर काम केलेले कारागीर लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवतात. इपॉक्सीत तसे चालत नाही. प्रमाण चुकले की माल कायमचा मऊ राहतो. वजनकाटा घ्या.

डेकवर बोल्टसाठी भोक पाडताना आधी मोठे पाडावे, घट्ट इपॉक्सीने भरावे आणि मग त्यात हव्या मापाचे पाडावे, म्हणजे आतल्या लाकडाला पाणी लागत नाही. बुडाच्या भोकांवरचे, पाण्याखालचे व्हॉल्व्ह ब्राँझचे हवेत, पितळेचे नकोत. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि व्हॉल्व्ह हातात तुटून येतो. तुटलाच तर भोक बुजवायला प्रत्येक व्हॉल्व्हला निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी.

चाचणीची सुरुवात खाडीत, वारा ८-१० नॉट असताना करावी. डोलकाठीच्या नव्या तारा पहिल्या काही फेऱ्यांत ताणतात. बोट २० अंश कलल्यावर वाऱ्याआडची (वारा येतो त्याच्या उलट बाजूची) तार लोंबू लागली तर दोन्ही बाजू सारख्या आवळाव्यात आणि डोलकाठी सरळ आहे ना, हे खालून डोळा लावून पाहावे. त्यानंतर फेब्रुवारी ते मेमधला दुपारचा वायव्य वारा गाठावा. त्याच्या तोंडावर उत्तरेकडे दोन-तीन तास शिडे घट्ट ओढून चालवले की बोट खरे बोलू लागते. टाकीच्या तळाचा गाळ ढवळून डिझेलचा फिल्टर तुंबतो. कललेल्या बोटीत इंजिनाचे थंड पाणी ओढणारे तोंड हवेत येते आणि इंजिन तापते. वाऱ्याआडच्या बाजूचे बेसिन समुद्राच्या पातळीखाली जाऊन उलटे भरते. बंदरात उभ्या असलेल्या बोटीत यातले काहीच दिसत नाही.

सुकाणूकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. नौदलाच्याच 'तारिणी' या शिडाच्या बोटीने २०१७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्याआधी मॉरिशसची फेरी केली होती, तरी एप्रिल २०१८ मध्ये सुकाणूच्या बिघाडामुळे तिला वाट सोडून मॉरिशसला थांबावे लागलेच. म्हणून चाक निकामी झाले असे धरून सुकाणूच्या दांड्यावर आणीबाणीचा हात बसवावा आणि १५ नॉट वाऱ्यात तासभर त्यावरच बोट चालवावी. तो हात डेकवरच्या खांबाला अडतो किंवा इतका आखूड निघतो की दोन माणसांनाही ओढवत नाही, हे तेव्हाच कळते.

शीड लहान करण्याचा सराव आधी दिवसा, मग अंधारात. शेवटी सलग २४ तासांची एक फेरी. रात्री जाळ्यांच्या बिनदिव्याच्या बोयांवर पाळीने नजर हवी. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत जाळी फारशी नसतात खरी, पण तेव्हाच्या समुद्रात नवी बोट न्यायची नसते.

हे झाले की बोट पुन्हा किनाऱ्यावर ओढावी. कील (बुडाखालचा वजनदार कणा) आणि बुडाच्या सांध्यावर केसाएवढी भेग दिसली तर पुटी-रंग लावून झाकू नये. कीलचा एक बोल्ट काढून पाहावा. स्टेनलेस स्टील असले तरी हवा न लागणाऱ्या ओल्या फटीत ते खाल्ले जाते, आणि वरची नट मात्र चकचकीत दिसत राहते.

– एक वाचक, रत्नागिरी