रविवारची हँडबॅग शिवणी: येताना काय आणायचं

मैत्रिणींनो, येत्या रविवारी सकाळी ११ ते २ धरमपेठेतल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये हँडबॅग शिवायला बसायचंय. मशीन मोजक्याच आहेत, म्हणून नाव दिलेल्यांनीच यावं. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे दुसरीला जागा देता येईल.

सोबत आणा:

• जाड कॅनव्हास १ मीटर किंवा जुनी जीन्स. कॅनव्हास धुऊन, इस्त्री करूनच आणा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. तसंच शिवलं तर नंतर अस्तर आत गोळा होतं आणि एवढ्या मेहनतीची बॅग वेडीवाकडी दिसते.
• अस्तर, चिकटबक्रम (इस्त्रीने चिकटणारं कडक कापड), मीटरवरची चेन, दोन रनर (चेन उघडबंद करायचे सरकते तुकडे). गांधीबाग-इतवारीत सगळं मिळतं, फक्त शनिवारच्या आत घ्या.
• १६ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा.

सुईबाबत कृपया हयगय नको. पट्ट्याजवळ कापडाचे चार-सहा थर येतात. ब्लाउजची ११ नंबरची सुई तिथे वाकते, मोडते, तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. अशा जागी पेडलवरून आपला पाय काढून हातानेच चाक फिरवायचं. पट्ट्याला चौकोन आणि त्यात फुली अशीच टीप घालू. नुसती सरळ टीप भाजीच्या ओझ्याने उसवते.

कापणी घरूनच करून या: कापडाचे आणि अस्तराचे प्रत्येकी दोन तुकडे, १५ × १३ इंच. अर्धा इंच शिलाई यातच धरली आहे.

जुन्या नागपुरी साडीचे काठ असतील तर जरूर आणा, बाहेरच्या खिशावर फार सुंदर दिसतात.