वायरचे इंटरनेट अडले तर: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,

साष्टांग नमस्कार.

लॅपटॉपवर वायरने येणारे इंटरनेट मधूनच बंद पडते आणि त्याच वेळी मोबाईलवर मात्र सगळे सुरळीत चालू असते, असे बाबा फोनवर म्हणाले. फोन कानाला लावून टेबलाखाली वाकणे, दिवे शोधणे आणि मी सांगत असलेली इंग्रजी नावे स्क्रीनवर हुडकणे हे सगळे एकाच वेळी करणे कोणालाही अवघड आहे, म्हणून सविस्तर लिहून पाठवत आहे. हे पत्र कागदावर छापून लॅपटॉपजवळ ठेवा, कारण ज्या वेळी त्याची गरज पडेल नेमके त्याच वेळी ते लॅपटॉपवर उघडणार नाही.

सर्वप्रथम मोबाईलबद्दल खात्री करून घ्यायला हवी. वाय-फायवरून इंटरनेट येईनासे झाले की मोबाईल पुष्कळदा काही न सांगता सिमकार्डाच्या डेटावर जातो, त्यामुळे ‘मोबाईलवर चालते’ एवढ्यावरून राऊटरपर्यंत इंटरनेट पोहोचते आहे असे सिद्ध होत नाही. मोबाईल डेटा बंद करा, फक्त वाय-फाय चालू ठेवा आणि एखादी नेहमी न उघडलेली वेबसाइट उघडून पाहा. ती उघडली नाही, तर लॅपटॉपच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बिघाड राऊटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे आणि तक्रार इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे करायची आहे. ती उघडली, तर बाहेरची लाइन ठीक आहे आणि शोध राऊटरच्या मागच्या पोर्टपासून, म्हणजे केबल खोचायच्या खाचेपासून, लॅपटॉपपर्यंतच्या टप्प्यापुरता उरतो. या तपासणीच्या काळात लॅपटॉपवरचे वाय-फाय मात्र बंद ठेवा, नाहीतर वायर निकामी असतानाही लॅपटॉप वाय-फायवरून चालत राहील आणि आपण वायर सुधारली असे समजून बसू.

आता दिव्यांकडे वळू. माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे पोर्टजवळचा छोटा दिवा, आणि नेमका त्याच्याकडेच कोणी पाहत नाही. केबल जिथे लॅपटॉपला जोडली जाते तिथे बहुधा हिरवा किंवा पिवळसर दिवा असतो. पातळ लॅपटॉपवर तो नसेल, तर राऊटरवर ज्या पोर्टमध्ये केबल लावली आहे त्याचा दिवा पाहा. दिवा लागलेला आहे याचा अर्थ दोन्ही टोकांच्या यंत्रांनी एकमेकांना ओळखले आहे, आणि तो लुकलुकतो आहे याचा अर्थ माहितीची ये-जा चालू आहे. दिवा अजिबात लागलेला नसेल, तर पत्ते, पासवर्ड, ब्राउझर यांपैकी कशातही हात घालू नका, कारण दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा लॅपटॉपमधले नेटवर्क कार्ड, म्हणजे त्याला नेटवर्कशी जोडणारा भाग, बंद असण्यात आहे.

केबलच्या दोन्ही टोकांना आरजे-४५ नावाची पारदर्शक प्लास्टिकची पिन असते. तिच्यात सोनेरी रंगाचे ८ संपर्क आणि पाठीवर एक नाजूक क्लिप असते, आणि पिन पूर्ण आत गेली की ती क्लिप ‘टक्’ असा आवाज करून अडकते. बहुतेक केबलींचे दुखणे या क्लिपपासूनच सुरू होते, कारण ती मोडली तरी पिन आत बसल्यासारखीच दिसते, पण लॅपटॉप जरा सरकवला की ती केसभर मागे येते आणि संपर्क तुटतो. बाबांनी सांगितलेले ‘मधूनच बंद पडणे’ अशा सैल पिनेशी अगदी जुळते. आई, तू राऊटरच्या दिव्याकडे पाहत राहा आणि बाबा, तुम्ही लॅपटॉपच्या टोकाशी केबल हलक्या हाताने इकडेतिकडे हलवा. त्या वेळी दिवा विझला किंवा पुन्हा लागला, तर पुढचे काही वाचायचीही गरज नाही, केबल बदला. हीच चाचणी नंतर राऊटरच्या टोकाशीही करा. केबल टेबलाच्या पायाखाली दबली आहे का, खुर्चीची चाके तिच्यावरून जातात का, कोपऱ्यात ती काटकोनात मुडपली आहे का, हेही बघून घ्या. लांबीची काळजी मात्र करू नका; अशा केबलची मर्यादा १०० मीटर असते आणि घरात ती गाठली जाणे कठीण आहे.

नवी केबल घ्यायची झाल्यास कॅट ५ई किंवा कॅट ६ यांपैकी कोणतीही चालेल. त्याहून महागडी घेण्याचा आग्रह कोणी केला तर तो नम्रपणे नाकारावा.

केबल बदलूनही दिवा लागला नाही, तर राऊटरवरचे दुसरे पोर्ट वापरून पाहा. राऊटरवर सहसा एक पोर्ट वेगळ्या रंगाचे असते आणि त्यावर वॅन किंवा इंटरनेट असे लिहिलेले असते; ते बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी आहे, तिथे लॅपटॉप जोडायचा नाही. लॅपटॉपची केबल लॅन असे लिहिलेल्या पोर्टमध्येच हवी. इथे बाबांना मुद्दाम विनंती आहे की एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि राऊटरचा स्विच असे तिन्ही एकदम बदलले आणि इंटरनेट सुरू झाले, तर त्या क्षणी आनंद होतो खरा, पण दोष कशात होता हे कळत नाही, आणि तीच खराब केबल नंतर ‘चांगली आहे’ म्हणून कपाटात जपून ठेवली जाते.

लॅपटॉपला स्वतःचे पोर्ट नसून केबल जोडण्यासाठी यूएसबीचा छोटा अडॅप्टर लावला असेल, तर तो अडॅप्टर हाही एक संशयित आहे. तो हबमध्ये, म्हणजे एका यूएसबी पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत, न लावता थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावून पाहा. असे अडॅप्टर बराच वेळ वापरल्यावर गरम होतात, आणि त्यांतले काही गरम झाल्यावरच तुटक चालतात.

दिवा लागलेला आहे, तरीही इंटरनेट फार हळू आहे, असा एक मधला प्रकारही असतो. केबलमध्ये तारांच्या ४ जोड्या असतात. सेकंदाला १०० मेगाबिट वेगासाठी त्यांतल्या २ जोड्या पुरतात, पण १००० मेगाबिट वेगासाठी चारही जोड्या शाबूत असाव्या लागतात, म्हणून एखादी तार आतल्या आत तुटली की जोडणी पूर्ण न तुटता कधीकधी खालच्या वेगावर येऊन चालू राहते. हा वेग पाहण्यासाठी विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, त्यात ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि मग ‘इथरनेट’, म्हणजे वायरची जोडणी, निवडा, आणि खाली ‘लिंक स्पीड’ असे लिहिलेली ओळ शोधा. तिथे १००० च्या जागी १०० दिसत असेल तर केबल बदलून पाहावी; मात्र काही साध्या राऊटरांची पोर्ट मुळातच १०० ची असतात, तेव्हा नव्या केबलनेही आकडा तोच राहिला तर त्यात काही बिघाड समजू नका.

आता दिवा व्यवस्थित लुकलुकतो आहे, पण एकही पान उघडत नाही, अशी स्थिती असेल तर त्याच ‘इथरनेट’च्या पानावर ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ या ओळीसमोरचे आकडे पाहा. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो आणि घरात हे पत्ते राऊटर वाटतो. ते आकडे १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असतील तर राऊटरने पत्ता दिला आहे, असे बहुतेक वेळा धरून चालता येते. ते १६९.२५४ ने सुरू होत असतील, तर लॅपटॉपने पत्ता मागितला, राऊटरकडून उत्तरच आले नाही आणि शेवटी विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ आहे. त्या पत्त्यावरून इंटरनेट मिळत नाही. अशा वेळी आधी ‘आयपी असाइनमेंट’ या ओळीसमोर ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते पाहा. ‘मॅन्युअल’ दिसले तर शेजारच्या ‘एडिट’वर जाऊन ते ऑटोमॅटिक करा. ते आधीच बरोबर असेल तर राऊटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जाऊ द्या आणि मगच लॅपटॉप रीस्टार्ट करा. हाच क्रम ठेवा, कारण पत्ता वाटणारा तयार होण्याआधीच लॅपटॉपने विचारणा केली, तर पुन्हा तेच १६९ चे आकडे दिसण्याची शक्यता राहते.

राऊटर बंद-चालू करणे आणि राऊटर रीसेट करणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, हे कृपया लक्षात असू द्या. राऊटरच्या मागे एक बारीक छिद्र असते आणि त्यात टाचणी घालून आतली कळ दाबून धरली की राऊटरमधल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात; त्यात इंटरनेट कंपनीने भरलेले यूजरनेम आणि पासवर्डही असू शकतात. मग आज जे मोबाईलवर चालते आहे तेही बंद पडेल. त्या छिद्राला कोणीही हात लावायचा नाही, ओळखीच्या कोणी जाणकाराने आत्मविश्वासाने सुचवले तरीही.

पत्ता ठीक आहे आणि तरीही पान उघडत नाही, तर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ हे आकडे टाइप करा. काही राऊटरांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, तुमच्या राऊटरचा नेमका पत्ता त्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर सापडेल. राऊटरचे लॉगिनचे पान उघडले, तर केबल, पोर्ट आणि पत्ता या तिन्ही गोष्टी निर्दोष ठरतात आणि दोष लॅपटॉपमधल्या एखाद्या प्रोग्रॅमकडे किंवा नावे शोधण्याच्या व्यवस्थेकडे, म्हणजे डीएनएसकडे वळतो. डीएनएसचे काम मोबाईलमधल्या संपर्कयादीसारखे आहे: आपण नाव देतो, ते त्याचा क्रमांक शोधून देते. इथरनेटच्या पानावर ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’समोर कोणीतरी हाताने आकडे भरलेले दिसले, तर तेही ऑटोमॅटिक करा. त्याने फरक पडला नाही तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारा प्रोग्रॅम, चालू राहिला आहे का ते पाहा आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये प्रयत्न करा. लॅपटॉपची तारीख आणि वेळही तपासा, कारण तारीख चुकली असेल तर सुरक्षित वेबसाइट उघडण्यास ब्राउझर नकार देतो आणि वरकरणी ते इंटरनेट गेल्यासारखेच वाटते.

आता तुमच्या तक्रारीतल्या ‘मधूनच’ या शब्दाबद्दल, कारण केबल हलवूनही दिवा विझला नाही तर माझा संशय इकडे वळतो. लॅपटॉपचे झाकण मिटून ठेवल्यावर, किंवा चहा घेऊन परत येईपर्यंत स्क्रीन काळी झाल्यावर इंटरनेट जाते का, याकडे लक्ष द्या. बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज नेटवर्क कार्डाला झोपवू शकते आणि काही वेळा ते कार्ड नीट जागे होत नाही. स्टार्टच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, त्यात ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ उलगडा आणि ज्या नावात इथरनेट, गिगाबिट किंवा जीबीई असे काही आहे त्यावर दोनदा क्लिक करा. वाय-फाय किंवा वायरलेस असे लिहिलेले नाव आपल्याला नको आहे. ‘पॉवर मॅनेजमेंट’ या टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी पहिली चौकट असते, तिच्यातली खूण काढून ओके करा. काही लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही. तसे असेल तर तो शोधत बसू नका.

त्याच यादीत कार्डाच्या चिन्हावर खाली वळलेला छोटा बाण दिसला, तर कार्ड बंद केलेले आहे. उजवी क्लिक करून ‘इनेबल’ निवडले की ते चालू होते. पिवळा त्रिकोण दिसला तर बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, गडबड आहे. त्या वेळी ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून लॅपटॉप रीस्टार्ट केला की विंडोज सहसा ड्रायव्हर पुन्हा बसवते, पण अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकायचा का असे विचारणारी चौकट आली, तर तिच्यात खूण करू नका. तो ड्रायव्हर पुन्हा उतरवून घ्यायला इंटरनेट लागेल आणि तेच तर बंद आहे. तशी वेळ आलीच, तर मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून मोबाईलमध्ये ‘यूएसबी टिदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला तात्पुरते इंटरनेट मिळेल.

‘नेटवर्क रीसेट’ नावाचे एक बटण सेटिंग्जमध्ये आहे. इंटरनेटवरचे बरेच सल्ले सुरुवातीलाच ते दाबायला सांगतात, पण ते दाबल्याने लॅपटॉपमधली सगळी नेटवर्क कार्डे काढून पुन्हा बसवली जातात आणि साठवलेले वाय-फायचे पासवर्डही पुसले जातात, आणि सैल पिनेवर त्याचा काडीइतका परिणाम होत नाही. ते मला विचारल्याशिवाय दाबू नका. ‘तुमच्या नेटवर्कमध्ये बिघाड आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे एखादे पान अचानक उघडले तर ते ठगांचे आहे असे समजून बंद करा. विंडोज स्वतःहून असा फोन करायला कधीच सांगत नाही.

यानंतरही अडले, तर मला मेसेज करताना तीन गोष्टी कळवा: इंटरनेट गेले त्या क्षणी दिवा लागलेला होता की विझलेला, लिंक स्पीडचा आकडा किती होता, आणि आयपीव्ही४ अ‍ॅड्रेसची सुरुवात कोणत्या आकड्यांनी होत होती. लिहिण्याचा कंटाळा आला तर मोबाईलने त्या पानाचा आणि राऊटरच्या दिव्यांचा फोटो काढून पाठवा. बाबा, फोटो पाठवेपर्यंत राऊटर बंद करू नका, कारण तो बंद-चालू केला की त्या क्षणाची ही सगळी माहिती बदलून जाते.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मुलगी