घरच्या कॅमेऱ्यांबद्दल अध्यक्षांना पत्र

मा. अध्यक्ष साहेब,
नमस्कार काकाजी,

लेआऊटमधून मोटरसायकल चोरीला गेली तेव्हापासून घरोघरी कॅमेरे लागून राहिले, त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण कॅमेरा आपल्या गेटवर पाहिजे, दुसऱ्याच्या अंगणावर नाही. बोअरजवळच्या कोपऱ्यावरचा कॅमेरा पाहा, त्यात पाणी भरायला येणाऱ्या सगळ्या बाया दिसतात आणि समोरच्या दोन गच्च्या पण. उन्हाळ्यात आपल्याकडे अख्खं घर गच्चीवर झोपते, अन् नाईट व्हिजनमध्ये अंधारातही सगळं दिसते, म्हणून माझी आई आता वर झोपायलाच येत नाही, एवढ्या गरमीत खालीच तळमळत राहते. हे मला सहन होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ती क्लिप. एक कॉलेजची पोरगी गेटजवळ कोणाशी तरी दोन मिनिटं बोलली, तर तो व्हिडिओ आपल्या व्हाट्सॲप ग्रुपवर आला आणि लोकं खाली काहीबाही लिहून राहिले. तिनं काय चोरी केली होती का? तिच्या बापाची मान खाली गेली, पोरीचं संध्याकाळी बाहेर निघणं बंद झालं. चोर पकडायला लावलेल्या कॅमेऱ्याचं हे काम नाही.

कोणी म्हणेल लोकांची वैयक्तिक माहिती जपणारा 2023 चा डेटा कायदा घरगुती वापराला लागत नाही. बरोबर आहे, पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं 2017 मध्येच सांगितलं, आणि बाईचं खाजगी वेळी चोरून चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे.

उपाय काही खर्चाचा नाही. कॅमेरा थोडा खाली वळवायचा, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये प्रायव्हसी मास्क असतो त्यानं शेजाऱ्याचा भाग काळा करता येते, आणि माईक तर बंदच ठेवा, ओट्यावरच्या गप्पा रेकॉर्ड करून कोणाला काय करायचं आहे? चोरी झाली तर फुटेज पोलिसांना द्या, ग्रुपवर नको.

येत्या आमसभेत हे ठरावात घ्या काकाजी. पण बोअरजवळच्या कॅमेऱ्याचं काम तोवर थांबू नये, तुम्ही स्वतः जाऊन त्या घरच्यांना सांगितलं तर ते ऐकतील, तुमचा शब्द कोणी मोडत नाही. शिडी लागली तर माझ्याकडे आहे.

आपलाच,
मागच्या लाईनमधला एक रहिवासी